वाक्य संपलं की मान वर

टिंग.

दुपारची सामसूम होती. वरच्या मजल्यावरचा नळ केव्हाच थांबला होता, रस्ता रिकामा होता. मी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून पहिल्या परिच्छेदाच्या शेवटाला पोचतच होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, टिंग.

ठकी झोपली आहे असं मी धरून चालले होते. माझी मुलगी जागी असून गप्प असली की काहीतरी चाललेलं असतं, हे एव्हाना मला कळायला हवं होतं. दाराशी जाऊन पाहिलं तर बाईंनी पलंगाखाली ऑफिस थाटलेलं.

"पुढच्या ताई, या! बसा. घाबरू नका हं. तुमचं काय राहिलंय?"

पुढच्या ताई म्हणजे मान लुळी पडलेली बाहुली. तिच्या मागे रांगेत एक कापडी हत्ती, एक अस्वल आणि माझी न्हाणीघरातली एक चप्पल. समोर ती घंटी. ऑफिसातल्या टेबलावर असते, वरून तळवा मारला की वाजते, तसली. मावशीच्या ऑफिसात नवी आली, म्हणून जुनी भाचीला बक्षीस.

"माझं सगळंच राहिलंय," बाहुलीचा रडका आवाज काढून ठकी म्हणाली. मग स्वतःच्या आवाजात, मान किंचित तिरकी करून, "असू दे. सगळ्यांचंच काहीतरी राहतं. पाणी हवं का?"

मी दारातच उभी राहिले. एवढ्याशा बोलण्यात माझी बहीण अख्खीच्या अख्खी उभी होती. ती तिरकी मान, 'हं'वरचा तो मऊ जोर. परक्या बायकांशी ती इतकं गोड बोलते, हे मला पोरीच्या खेळातून कळत होतं. मला तिने पाणी विचारलेलं आठवत नाही. उलट घरी आली की म्हणते, "ए, चहा टाक ना."

धाकटी बहीण माझी. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, आणि विद्यापीठात सगळे मॅडम. मानव्य शाखेच्या इमारतीत तळमजल्यावर तिचं ऑफिस आहे. शिक्षण अर्धवट सोडून गेलेली माणसं वर्षांनी परत येतात. कुणी नोकरीसाठी सोडलेलं असतं, कुणी आजारपणात, कुणी माझ्यासारखं पाळण्यात पाय अडकून. अशा लोकांना दारातून आत आणायचं, ही तिची नोकरी. जुने कुठले पेपर धरले जातील, कुठले पुन्हा द्यावे लागतील, ग्रंथालयात मूल घेऊन बसता येईल अशी खोली कुठल्या मजल्यावर आहे, निबंध कुणाला दाखवायचा, रडू आलं तर कुठल्या दारावर टकटक करायची, हे सगळं तिला तोंडपाठ. लोक तिच्याकडून बाहेर पडताना रुमालाने डोळे पुसत असतात आणि हसतही असतात.

मी इतिहासाचं एम.ए. दुसऱ्या वर्षात सोडलं, ठकीच्या वेळी. प्रबंध अर्धा लिहून झाला होता. रस्त्यावर दिवे येण्याआधी संध्याकाळ कशी असायची आणि दिवे आल्यावर लोकांचं काय झालं, कोण बाहेर पडू लागलं आणि कोण पडेना, असा माझा विषय. अजूनही कुणाला सांगायला लागले की मला थांबवत नाही.

यंदा मी परत गेले. छोटीच्याच दारात, अर्थात. तिने मला बसवलं, कागद उघडला आणि लगेच मिटला.

"तुझी फाइल मी नाही घेऊ शकत. घरच्या माणसाची दुसऱ्याने बघायची, असा नियम आहे."

"मग?"

"पलीकडे दाढीवाले सर बसतात. चांगले आहेत."

"मी तुझ्याकडे आलेय."

"ए, नियम आहे ना," ती म्हणाली आणि घंटी वाजवली. "पुढच्या ताई, या!"

तो शब्द मला तिथे पहिल्यांदा टोचला. लहानपणापासून मला एकटीला ताई म्हणणारी पोरगी. 'ताई, भूक', 'ताई, भीती', 'ताई, माझी वेणी'. आणि आता घरी मला 'ए', आणि इथे जी येईल ती ताई.

तिचं टेबल आणि दाढीवाल्या सरांचं टेबल यांच्यात छातीपर्यंत लाकूड आणि वर काच. पाळणाघरात जागा नव्हती, प्रतीक्षा यादी होती. म्हणून सरांकडे माझी वेळ असली की ठकी छोटीच्या टेबलामागे बसून चित्रं काढायची. म्हणजे काचेच्या त्या बाजूला माझी बहीण आणि माझी मुलगी, आणि या बाजूला मी आणि दाढी.

"आपण याआधी भेटलोय का?" सर दर वेळी विचारायचे.

"मागच्या आठवड्यात, सर."

"हां हां! दिवे!"

"दिवे, सर. रस्त्यावरचे."

"छान. विझू देऊ नका." आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके खूश व्हायचे की मलाही हसावं लागायचं.

पण माणूस प्रामाणिक. त्यांनीच मला नीट समजावलं. परत येणाऱ्याने आपल्या अर्धवट कामातला एक भाग समितीसमोर मोठ्याने वाचायचा, अशी या शाखेची जुनी रीत आहे. लेखन अजून जिवंत आहे की वाळलंय, हे वाचताना कळतं म्हणे. समितीला पटलं तर मागचं वर्ष धरलं जातं. नाही पटलं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात.

पहिल्यापासून म्हणजे मी करणार नाही, हे मला ठाऊक होतं. नवऱ्याने सकाळची पाळी मागून घेतली होती, सासूबाई महिनाभर येऊन राहून गेल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी ठकीची शाळा. सगळ्यांनी ताणून ताणून माझ्यासाठी एवढीशी फट केली होती. ती दुप्पट करा म्हणायची माझी छाती नव्हती.

"वाचायच्या आधी कुणालातरी वाचून दाखवा," सर म्हणाले. "भिंतीला नको. भिंत मान डोलवत नाही. आहे कुणी घरात?"

मी काचेतून पलीकडे पाहिलं.

पलीकडे बेकरीवाली बसली होती. आम्ही दोघी एकाच वेळी परत आलेल्या. ती पहाटेची पाळी संपवून यायची, नखांच्या कडांना पीठ, अंगाला गोडसर भाजका वास. तिचा विषय कादंबऱ्यांमधल्या मोलकरणी. ज्या दार उघडतात, पाहुण्याला आत घेतात आणि मग पुस्तकभर परत दिसत नाहीत, त्या. विषय चांगला होता. मला तो चांगला आहे याचाही राग यायचा. दर मंगळवारी ती छोटीला वाचून दाखवायची. तिची फाइल छोटीकडे होती ना!

"ताई, गाडी सुटतेय का तुमची?" काचेवरून छोटीचा आवाज आला. "एवढ्या घाईने काय वाचता?"

"सवय हो, मॅडम. भट्टीतला पाव थांबत नाही कुणासाठी."

"मी पाव आहे का?"

"नाही. तुम्ही बिस्कीट!"

दोघी खिदळल्या. मागून ठकीही खिदळली, तिला काही कळलं नव्हतं तरी. छोटी तशी हसताना हनुवटी छातीत खुपसते. ते हसू मी शोधून काढलेलं आहे. ती एवढीशी होती तेव्हा पायाच्या अंगठ्याला गुदगुल्या केल्या की ते बाहेर यायचं. घरातल्या बाकी कुणाला जमायचं नाही.

आणि ऐकणं तर माझंच होतं. शाळेत असताना मी धडे मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, डोकं उठलं, टेबलाखाली जा. म्हणून मी टेबलाखाली जायचे आणि छोटीला ओढून न्यायचे. खुर्च्यांच्या पायांमध्ये आम्ही दोघी. मी राजे, लढाया, तह वाचायचे आणि ती मान डोलवायची. तिला ओ की ठो कळायचं नाही. मध्येच डोळा लागायचा. म्हणून मी एक नियम केला होता. वाक्य संपलं की वाचणाऱ्याने मान वर करायची आणि ऐकणाऱ्याचं तोंड बघायचं. तोंड जागं असेल तर पुढे. कोरं असेल तर तेच वाक्य परत, जरा सोप्या आवाजात. मी इतिहासात पहिली यायचे ते त्या तोंडाकडे बघून.

ते तोंड आता मंगळवारी बेकरीवालीकडे बघत होतं.

घरी आल्यावर भांडी जरा जास्तच आपटली गेली असावीत. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुणाचा जीव घेतेयस?"

"कुणाचा नाही."

"मग त्या पातेल्याने काय केलंय?"

मी सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग तिला सरळ सांग की, माझं ऐक."

"ती माझी सल्लागार नाही. नियम आहे."

"बहीण तर आहे? बहिणीला नियम लागतो?"

"तिला विचारा."

"मी विचारलं तर मेहुणीबाई मला अर्ज भरायला लावतील." तो हात पुसून आत गेला आणि पलंगासमोर उकिडवा बसला. टिंग. "मॅडम, माझा नंबर आला का?"

"बसा, दादा," पलंगाखालून ठकी म्हणाली. "तुमचं काय राहिलंय?"

"झोप."

"असू दे. सगळ्यांचंच राहतं."

मला हसू आलं आणि ते हसू येतंय याचाही राग आला. माझ्या घरात, माझ्या पलंगाखाली, माझ्या नवऱ्याशी आणि मुलीशी छोटीच बोलत होती. ती येऊन गेलेली नसतानाही.

खरं सांगायचं तर मला तिला विचारणं जमलंच नाही. एकदा रविवारी ती आली, ठकीला खांद्यावर घेऊन घरभर नाचली. मी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, अगदी तिच्या कपाशेजारी. तिने कप उचलला, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर काय म्हणतात?"

"म्हणतात विझू देऊ नका."

"अजून तोच विनोद?" ती हसली. गठ्ठा तिथेच. तिने विचारावं म्हणून मी थांबले होते. ती कशासाठी थांबली होती कोण जाणे. शेवटी ठकीने तिला ओढून नेलं, आणि मी त्या दोघींच्या हसण्याकडे पाठ करून कपडे घड्या घालत बसले.

मग मी भिंतीलाच वाचून दाखवायला लागले. ठकी अंघोळ करताना न्हाणीघराच्या दाराला, भाजी चिरताना खिडकीला. खिडकी मान डोलवत नाही हे खरं.

वाचनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी इस्त्री करत होते. पलंगाखाली ऑफिस चालू होतं. आज हत्तीची पाळी होती आणि हत्ती काहीतरी घाईघाईने वाचत होता, बडबडबडबड.

"हळू, ताई," ठकी त्याला म्हणाली. "असं नाही वाचायचं. वाक्य संपलं की मान वर. माझं तोंड बघा. जागं आहे? मग पुढे."

इस्त्री माझ्या हातात तशीच राहिली. उशीच्या अभ्र्याला वास सुटला तेव्हा ती उचलली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"मावशीने."

"तुला?"

"मला नाही गं. पाववाल्या मावशीला." ठकीने हत्तीची सोंड धरून त्याची मान वर केली. "त्यांना येतच नव्हतं. आता येतं."

"आणि मावशीला कुणी शिकवलं?"

ठकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आईला साधं एवढंही कळू नये.

"मावशी मोठी आहे. तिला येतंच."

एखादीला वाटलं असतं, किती छान, बहिणीने आपली आठवण जपली, वाढवली. मला तसलं काही वाटलं नाही. माझा तिळपापड झाला. माझा दागिना कुणाला देऊन टाकला असता तरी चाललं असतं. टेबलाखालची ती साडेतीन हात जागा, खुर्च्यांचे पाय, तिचे पेंगणारे डोळे, यातलं काहीच माझ्याकडे उरलं नव्हतं, एवढी एक रीत सोडून. ती तिने उचलली आणि काउंटरवरून वाटून टाकली. पुढच्या ताई, या.

अभ्र्यावर इस्त्रीचा पिवळा ठसा उमटला. तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो, बेकरीवाली आणि मी. ती आधी, मी नंतर. नवऱ्याची पाळी असल्याने ठकी बरोबर होती, हातात पिशवी, पिशवीत घंटी आणि चित्रांचं पुस्तक. छोटी घाईघाईने आली.

"ठकीला मी सांभाळते. आत मला येता येणार नाही, तू आहेस म्हणून. मी इथेच आहे." मग बेकरीवालीच्या खांद्यावर हात ठेवून, "ताई, श्वास घ्या."

मला म्हणाली, "ए, केस."

माझी एक बट सुटली होती. ती मी स्वतःच कानामागे सारली, तिचा हात पोचायच्या आत.

एकेकाचं वाचन बाकीच्यांनी मागे बसून ऐकायचं असतं. म्हणून मी आत गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. समितीत तिघं. मधल्या विभागप्रमुख बाई, चष्मा दोरीने गळ्यात. बेकरीवाली उभी राहिली. पहिलं वाक्य वाचलं. थांबली. मान वर केली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

ती मीच होते. तो थांबा, ती नजर, दुसऱ्याचं तोंड कोरं दिसल्यावर वाक्य पुन्हा सोपं करून म्हणणं, सगळं. दार उघडणाऱ्या त्या निनावी बायका एकेक करून खोलीत येऊन उभ्या राहिल्या, आणि समितीतले तिघंही पुढे झुकून ऐकत होते. तिचं वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वा," म्हणाल्या. एवढंच, पण मनापासून.

मग मी.

क्षणभर मनात आलं, मान वर करायचीच नाही. सगळं एका दमात वाचून टाकायचं. निदान नक्कल तरी वाटणार नाही. पण मला दुसरं वाचता येत नाही. पहिलं वाक्य संपलं आणि मान आपली आपण वर गेली.

'ज्या संध्याकाळी त्या रस्त्यावर पहिला दिवा लागला, त्या संध्याकाळी बायका पाणी भरून झाल्यावरही घरात गेल्या नाहीत.'

बाईंचं तोंड जागं होतं. पण त्यांच्या ओठांवर एक हसू आलं, ओळखीचं, कौतुकाचं. शेजारच्या सदस्याकडे त्यांनी पाहिलं आणि मला थांबवून म्हणाल्या, "तुम्हालाही तळमजल्यावरच्या मॅडमनीच तयार केलेलं दिसतंय! त्यांचा विद्यार्थी लगेच ओळखू येतो."

कुणीतरी तोंडात मारावी तशी मी उभी राहिले. ओठांवर शब्द तयार होते, मी तिला शिकवलं, मी, टेबलाखाली, ती नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा. ते म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाईंवरून नजर उचलली.

दाराला काच होती. काचेपलीकडे छोटी उभी. ठकी तिच्या कडेवर, ठकीच्या तोंडावर तिचा हात. तिला आतलं काहीही ऐकू येत नव्हतं, दार जाड होतं. तरी ती माझ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, पेंग आवरताना करायची तसे. मी मान वर केलेली पाहून तिला वाटलं वाक्य संपलं. तिने मान डोलवली. झालं, पुढे.

"आमच्या घरची सवय आहे ती," मी बाईंना म्हणाले.

"अच्छा?" बाई म्हणाल्या.

"हो. जुनी."

आणि मी पुढे वाचलं. दिव्याखाली उभ्या राहिलेल्या बायका, त्यांना शोधायला आलेले नवरे, आणि तेही तिथेच उभे राहिलेले. दर वाक्याला मान वर, आणि दर वेळी बाईंच्या डोक्यावरून, काचेपलीकडे, ओ की ठो ऐकू न येता डोलणारी ती मान. माझा आवाज कधी मोकळा झाला मला कळलं नाही.

समितीने दोघींचं मागचं वर्ष धरलं. बाहेर दाढीवाले सर भेटले, माझा हात धरून म्हणाले, "अभिनंदन! आपण याआधी भेटलोय का?" बेकरीवालीने मला मिठी मारली, माझ्या खांद्यावर पिठाचा पंजा उमटला. "आपल्या मॅडमनी तारलं हो आपल्याला," म्हणाली आणि पळाली, त्या दिवशी तिला दुपारचीही पाळी होती. ते 'आपल्या' मी गिळलं. पूर्ण नाही, पण गिळलं.

बाकावर आम्ही तिघी उरलो. छोटी हसत होती, हनुवटी छातीत खुपसून.

"माझी रीत तू सगळ्यांना वाटत सुटलीस," मी म्हणाले.

हसू थांबलं. "कुठली?"

"मान वरची."

"मग?" ती म्हणाली. "मला वाचायची दुसरी रीत येते कुठे? तू एकच शिकवलीस."

"ती माझी होती."

"आणि मी कुणाची होते?" तिचा आवाज चढला आणि ठकीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "रविवारी गठ्ठा कपाशेजारी ठेवून बसलीस. एकदा म्हणाली असतीस, ऐक. ऑफिसात नाही ऐकू शकत, घरी कुणाचा नियम होता? मी वाट बघत होते. तू कपडे घड्या घालत बसलीस!"

"तू मला ताईसुद्धा म्हणत नाहीस आता." हे म्हणायचं नव्हतं. आलं तोंडातून.

ती बाकाच्या कडेचा रंग नखाने खरवडत राहिली.

"दिवसभर म्हणते गं," शेवटी म्हणाली. "येईल तिला म्हणते. घरी तुझ्यासमोर आले की तोंडात तोच शब्द असतो, पण उष्टा झालेला. तुला कसा देऊ? म्हणून काहीच म्हणत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. मॅडमच्या कपाळावर काचेचा गोल ठसा होता, इतका वेळ टेकून उभं राहिल्याचा.

"उष्टा चालेल," मी म्हणाले.

"वाच," ती म्हणाली. नाक ओढलं. "आत्ता वाच, ताई. काचेतून मला काय ऐकू येणार, कप्पाळ? नुसती डोलत होते."

मी गठ्ठा काढला. ती बाकावर पाय वर घेऊन बसली, टेबलाखाली बसायची तशी. पहिलं वाक्य वाचलं, मान वर. तिचं तोंड जागं होतं. दुसरं. तिसरं. मधल्या वाटेने विद्यार्थी जात-येत होते, कुणी मॅडमना नमस्कार करत होतं, आणि मॅडमचं लक्ष नव्हतं. मला किती बरं वाटलं ते लिहून सांगण्यासारखं नाही. कुणी तिला हाक मारावी आणि तिने वळू नये, असं मला प्रत्येक वेळी वाटत होतं, आणि ती वळत नव्हती.

टिंग!

आम्ही दोघी दचकलो. ठकीने पिशवीतून घंटी काढून आमच्या मध्ये ठेवली होती.

"झाला तुमचा नंबर. आता माझा."

तिने स्वतःचं चित्रांचं पुस्तक मांडीवर उघडलं. तिला वाचता येत नाही अजून. तिने चित्रावर बोट ठेवलं आणि मनाने वाचलं, "एक ससा होता, त्याचं सगळं राहिलं होतं." आणि मान वर केली.

मी छोटीकडे बघत होते आणि छोटी माझ्याकडे. आम्ही दोघी हसू दाबत होतो.

ठकीने माझं तोंड बघितलं. मग मावशीचं. मग पुन्हा माझं. तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला. तो ओठ मी ओळखते. कालपर्यंत तो माझ्या तोंडावर होता. तिने पुस्तक मिटलं, घंटी उचलून पोटाशी धरली आणि विचारलं,

"आई, तुझ्याकडे तुझी छोटी आहे. माझी कुठेय?"